हळद लावलेली रीळ

धनीराम लांजेवार उलटा चालायचा. रस्त्यावर नव्हे, चिखलात. गुडघाभर पाण्यात, कमरेतून वाकून, एकदाही मागे न बघता. आमच्या मोहटोल्यात असं चालणं बायकांना येतं. धानाची रोवणी त्याच करतात आणि रोवणी उलट्या पावलांनीच होते. डोळ्यांसमोर रोवलेलं हिरवं, पाठीमागे नुसतं पाणी, आणि बाई एकेक पाऊल मागे सरकत त्या पाण्याला हिरवं करत जाते. पुरुष नांगर धरतात, चिखलणी करतात, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून हाका मारतात. उलटं चालता येणारा पुरुष आमच्याकडे एकच होऊन गेला. त्याने काढलेली चित्रं मुंबईच्या आणि दिल्लीच्या पडद्यांवर हलली. लाखांदूरहून एसटीने फाट्यावर उतरायचं आणि दोन कोस चालायचं, एवढ्या आत असलेल्या गावाचा हा माणूस.

वडील सुखराम तो पाच वर्षांचा असताना गेले. आई देवकाबाई रोवणीला जायची आणि घरी ठेवायला कोणी नाही म्हणून पोराला सोबत न्यायची. धुऱ्यावर बसून कंटाळला की तो पाण्यात उतरे. सातव्या वर्षी त्याच्या हातात पऱ्ह्यांची जुडी आली, नवव्या वर्षी तो रांगेत उभा राहिला. पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं. डाव्या हातात जुडी, उजव्या हाताने तीन-चार काड्या सुटवायच्या, अंगठ्याने चिखलात दाबायच्या, पाऊल मागे. रांगेतल्या प्रत्येकीचा आपला पट्टा असतो आणि तो तिनेच भरायचा असतो. धनीरामचा पट्टा आईच्या आणि तिच्या जोडीने रोवणाऱ्या रत्नाबाईच्या मधे असे.

गावातली पोरं त्याला सोडत नसत. "ओ धनीबाई, लुगडं कुठी ठेवलं वं?"

तो घरी येऊन रडायचा. देवकाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "रडून कायले राहिला? त्याईले म्हणा, या बांधीत, दहा पावलं मांगं चालून दाखवा."

ते कोणी दाखवलं नाही.

बारा वर्षांचा असताना रांगेत वाकलेला असतानाच त्याने आईला विचारलं, "माय, तू उभी राह्यते तवा तुयं तोंड काळं दिसते. वाकली का उजेड पडते. काहून?"

आई रोवत रोवत म्हणाली, "पाण्यात आभाळ पडलं हाय ना, बापू. ते खालून वर येते."

हे उत्तर त्याला आयुष्यभर पुरलं. बांधी म्हणजे धुऱ्यांनी बांधलेला शेताचा तुकडा. रोवणीआधी तिच्यात पाणी आरशासारखं उभं असतं. त्या आरशावर वाकलेल्या बाईच्या हनुवटीखाली, गालांच्या खळग्यांत, भुवयांच्या आत आभाळाचा उजेड खालून शिरतो. पदराच्या सावलीत असलेला सावळा चेहरा आतून पेटल्यासारखा होतो. सगळ्या गावाने हे रोज पाहिलं होतं. दिसलं एकट्या धनीरामला.

मॅट्रिकनंतर तो मामाकडे जवाहरनगरला गेला. मामा फॅक्टरीत होता, राहायला क्वार्टर होतं. फॅक्टरीत भरती होईल अशी मामाची आशा होती, पण धनीराम भंडाऱ्याच्या एका फोटो स्टुडिओत चिकटला. पासपोर्ट फोटो, लग्नाचे फोटो, लाल दिव्याच्या खोलीत औषधाच्या ट्रेमधून वर येणारे चेहरे. ते चेहरे वर येताना तो श्वास धरून पाही, आणि पाच वर्षांनंतरही त्याची ती सवय गेली नव्हती.

तिथेच फॅक्टरीचे एक साहेब यायचे. त्यांना सिनेमाचा शौक होता. त्यांच्याजवळ चावीचा छोटा कॅमेरा होता, सोळा मिलिमीटरचा. घड्याळासारखी चावी द्यायची, बटण दाबायचं. टरटर करत तो अठ्ठावीस सेकंद चालायचा आणि थांबायचा. १९७४ साली साहेबांची बदली झाली. जाताना ते कॅमेरा धनीरामच्या हातात देऊन म्हणाले, "माझ्यापेक्षा तुला जास्त दिसतं. ठेव."

धनीराम तो कापडात गुंडाळून एसटीने गावी घेऊन आला. रीळ नव्हती. तरी चावी देऊन तो रिकामा कॅमेरा चालवायचा आणि समोर रोवणाऱ्या आईकडे पाहत मोजायचा. एका चावीत आईची चाळीस रोपं लागत. तेव्हापासून तो वेळ सेकंदांत मोजेनासा झाला. नागपूरची मंडळी माहितीपट काढायला यायची, तलावांवर, कोसा रेशमाच्या हातमागांवर, तेव्हा धनीराम मदतनीस म्हणून सोबत असे. कोणी विचारलं, "हा शॉट किती लांब?" तर तो ओठांतल्या ओठांत मोजून सांगायचा, "सत्तर रोपं." लोक हसत. घड्याळ लावून पाहिलं की मात्र हसणं थांबे.

मग आला १९८१ चा श्रावण.

मोहाडीच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याची मुलगी चंद्रकांता पुण्याला सिनेमा शिकून आली होती. बापाने लग्नासाठी ठेवलं होतं ते मागून घेऊन तिने आपला सिनेमा काढायला घेतला. मागे कुठली कंपनी नाही, हिरो नाही. रोवणीच्या एका बाईचा एक दिवस, एवढीच गोष्ट. बाई म्हणून तिने नटी आणली नाही. आमची रत्नाबाईच निवडली. साठीची, तोंडाने कमी बोलणारी, आणि बोललीच तर समोरच्याला बोलायला जागा न ठेवणारी. सिनेमाचा सगळा जीव शेवटच्या एका चित्रात होता. दिवसभर वाकलेली बाई शेवटचं रोप लावते, तिची टाच धुऱ्याला लागते आणि ती उभी राहते. बस. पण त्याआधी तिचा वाकलेला चेहरा दिसायला हवा, रोवतानाचा, जवळून.

चंद्रकांताने कॅमेरामन नागपूरहून आणला होता. त्याने पहिल्या दिवशी बांधीत फळ्या टाकून त्यावर गाडी ठेवली; फळ्या गाडीसकट चिखलात गेल्या. दुसऱ्या दिवशी तो कॅमेरा खांद्यावर घेऊन रत्नाबाईच्या पुढ्यात उतरला. रोवणाऱ्या बाईच्या पुढ्यात म्हणजे रोवलेल्या धानात. बांधीचा मालक भोजराज धुऱ्यावरून ओरडला, "ओ साहेब! फोटो काढून राहिले का रेडा हाकून राहिले? माये पऱ्हे तुडवले ना सारे!"

साहेब दचकून वळला आणि चिखलात कमरेपर्यंत बसला. बायका जुड्या तोंडावर धरून हसल्या. रत्नाबाई तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "बसलेच हाव त रोवा आता."

तिसऱ्या दिवशी तो आपला मोठा कॅमेरा घेऊन नागपूरला परत गेला.

चंद्रकांता धुऱ्यावर डोकं धरून बसली होती. धनीराम तिच्याजवळ गेला. "बाई, पुढून घ्याल त धान तुडवते. मागून घ्याल त पाठ दिसते. रांगेतून घ्या लागते."

"रांगेतून म्हणजे?"

"रांगेत उभं राहून. बाजूच्या बाईच्या जागेवरून. तिच्यासंगं मांगं सरकत."

"आणि ते कोण करणार, धनीरामभाऊ?"

धनीरामने पँट गुडघ्यावर दुमडली.

त्याच्या चावीच्या कॅमेऱ्यासाठी नागपूरहून सहा छोट्या रिळा आल्या. एक रीळ पावणेतीन मिनिटांची, म्हणजे जेमतेम सहा चाव्यांची. त्या दिवशी अकरा बायकांच्या रांगेत बारावा धनीराम उभा राहिला, रत्नाबाईच्या डाव्या अंगाला. वाकला. कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंच धरला, भिंग रत्नाबाईच्या चेहऱ्याकडे. गाणं सुरू झालं, रांग मागे सरकू लागली, आणि धनीराम रांगेसोबत सरकला. हात हलत नव्हता. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन बाई चालते तसा कॅमेरा चालला. धुऱ्यावर उभे असलेले सगळे पुढे सरकून पाहू लागले. ज्यांनी त्याला धनीबाई म्हटलं होतं तेही तिथे होते.

त्याचा रोवायचा पट्टा उघडा राहिला होता, तो बायकांनी मागून भरून घेतला. चार दिवसांत पाच रिळा झाल्या. पाचव्या रिळेत रत्नाबाईचा जवळचा चेहरा आणि शेवटचं उभं राहणं, दोन्ही होतं. चंद्रकांता त्या संध्याकाळी पहिल्यांदा पोटभर जेवली. डबे सकाळी तिच्यासोबत निघायचे होते. रात्रभर ते धनीरामच्या घरी, देवाच्या कोनाड्याखाली एकावर एक ठेवले होते.

पहाटे उठून पाहतो तर सगळ्यात वरच्या डब्याची काळी पट्टी सुटलेली. झाकणावर पिवळ्या बोटांचे ठसे.

"माय, हे काय होय?"

देवकाबाई अंगण सारवत होती. "हळद लावली ना. बियाणं घराभाईर निंघते त हळद लावल्याबिगर निंघते काय? हे तुयं पयलं पीक."

"उघडून लावली?"

"त वरून लावून काय होते? भाईर काढली, दिव्यापाशी नेऊन पाह्यली सारी. त्याच्यात त काहीच नाई रे, बापू. कोरी फीत होय. रत्ना नाई, पाणी नाई. मंग थोडी थोडी हळद लावत गेली आन परत गुंडाळून ठेवली." तिने शेणाचा हात झटकला आणि हसून म्हणाली, "आता येईन सारं."

न धुतलेल्या रिळेला उजेड लागला की संपलं. दिव्याचा लागो की सूर्याचा. लाल दिव्याच्या खोलीत पाच वर्षं काढलेल्या माणसाला हे कोणी सांगायला नको होतं. त्याने डबा उचलला आणि सुटलेली पट्टी परत चिकटवली. आईला तो एवढंच म्हणाला, "हो माय. येईन."

चंद्रकांताला त्याने धुऱ्यावर गाठलं. "वरचा डबा गेला, बाई. उजेड लागला."

"कसा लागला?"

"चूक माझी हाय."

ती पांढरी पडली. "भाऊ, त्यातच शेवट होता. त्याच्याविना हा सिनेमाच नाही. मला सगळे म्हणत होते, गावच्या फोटोवाल्याच्या हातात देऊ नको. मी कुणाचं ऐकलं नाही." मग आवाज खाली आणून, "कोण काय म्हणेल ते जाऊ दे. पण आता होणार कसं?"

धनीराम बांध्यांकडे पाहत होता. गावात सगळीकडे हिरवं झालं होतं. न रोवलेलं पाणी एकाच ठिकाणी उरलं होतं, भोजराजच्या शेवटच्या बांधीत, आणि तिथे आजच बायका उतरणार होत्या. हातात एक रीळ होती. आज संध्याकाळपर्यंत ते चित्र मिळालं नाही तर पुढच्या श्रावणापर्यंत पाणी नाही. आणि पुढच्या श्रावणात त्याच्या हाती कोणी कॅमेरा देणार नव्हतं, हे त्याला चंद्रकांताच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं.

"भोजराजभाऊ," त्याने हाक मारली, "दोन दिवस थांबता काय?"

"कसा थांबू? पऱ्हे बुढे झाले ना गा. आन आखरीचा कोपरा आपण उघडा ठेवत नाई, तुले मालूम हाय."

मालूम होतं. शेवटच्या बांधीचा शेवटचा कोपरा एका दमात रोवायचा, मधे भोक ठेवायचं नाही, आणि रोवून झाल्यावर पुन्हा त्यात पाय घालायचा नाही. मग पाय धुवायचे, मालकाला चिखल फासायचा आणि बोजारा मागायचा. रोवणी संपल्याचं ते जेवण.

रत्नाबाईने नेमकं तेच विचारलं. "धनीराम रांगेत येईन त त्याचा पट्टा कोण रोवन? आज मांगून भरता येत नाई."

 अकराही बायकांचे आपापले पट्टे होते.

"मी रोवतो ना," धुऱ्यावरून आवाज आला. देवकाबाई उभी होती. गुडघे गेले म्हणून तीन वर्षांत ती बांधीत उतरली नव्हती. तिने लुगडं खोचलं.

"देवका, उतरशीन त निंघशीन कशी?" रत्नाबाई म्हणाली.

"तू काढजो. चाळीस वर्सं तुया बाजूनं रोवलं, एवढं त करशीन."

देवकाबाई लेकाच्या डाव्या अंगाला उभी राहिली. रांगेत उतरली म्हणजे तिचा स्वतःचा पट्टा आलाच, आणि त्याचाही. दोन पट्टे, एक बाई.

दुपार ढगाळ होती. पाणी राखेसारखं पडलेलं. रांग मागे सरकत होती, धनीराम वाकून सोबत सरकत होता, पण बटण दाबत नव्हता. एक एक हात पाणी कमी होत चाललं.

चंद्रकांता धुऱ्यावरून म्हणाली, "भाऊ, घ्या ना! संपून जाईल!"

"पाणी मेलेलं हाय, बाई."

"अरे पण उरलं किती?"

"पाह्यतो मी."

निम्मी बांधी झाली. मग कोपरा तेवढा उरला, आठ-दहा हातांचा. बायकांचं गाणंसुद्धा बारीक झालं होतं. सगळ्यांना कळत होतं की इथे काहीतरी अडलं आहे. तेव्हा पश्चिमेला, जंगलाच्या वर, ढगांची किनार सुटली. ऊन आलं नाही. नुसतं पांढरं आभाळ उघडलं, आणि ते आभाळ आडवं येऊन त्या कोपऱ्यातल्या पाण्यात पडलं.

रत्नाबाईचा चेहरा खालून उजळला.

धनीरामने भिंगाचं तोंड मोठं केलं. उजेड पाणी पाहून बेतायचा नाही, चेहरा पाहून बेतायचा, हे तो स्वतःच शिकला होता. बटण दाबलं. टरटर सुरू झाली. त्याचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला, त्यामुळे त्याला रत्नाबाईशिवाय काहीच दिसत नव्हतं. चावी कधी संपणार हे त्याला फक्त कानाने कळणार होतं. डाव्या कानाशी आईचा हात पाण्यात पडत होता. चुळुक, चुळुक. दोन पट्टे रोवायचे म्हणून तो हात दुप्पट चालला होता. साठ वर्षांच्या बाईचा हात, पाखरू चोच मारतं तसा. धनीराम मोजत होता. चाळीस नाही, आज ऐंशी. अठ्ठ्याहत्तरला त्याने बटण सोडलं, मागे सरकता सरकताच चावी भरली, पुन्हा दाबलं. रांग थांबली नाही. थांबता येत नव्हतंच.

पाच चाव्या झाल्या. रिळेत शेवटची उरली. पाणी आता चार रोपांइतकं, तीन, दोन. रत्नाबाईने अंगठ्याने शेवटचं रोप दाबलं. तिची टाच धुऱ्याला लागली. ती उभी राहू लागली, कमरेवर हात ठेवून, हळू, सगळा दिवस पाठीवरून उचलावा तशी. पाण्यातला उजेड तिच्या हनुवटीवरून उतरला, गालांवरून उतरला, क्षणभर चेहरा अगदी काळा झाला, आणि मग वरचं आभाळ तिच्या कपाळावर आलं. धनीराम तिच्यासोबतच वर आला, तिच्याच वेगाने, जणू दोघांची पाठ एकच होती.

टरटर थांबली. बांधीत पाण्याचा एक थेंबही उघडा नव्हता.

मग ओरडा झाला. बायकांनी भोजराजला चिखलाने माखलं, चंद्रकांतालाही माखलं. रत्नाबाईने देवकाबाईला बगलेत हात घालून वर काढलं. धनीराम कॅमेरा छातीशी धरून धुऱ्यावर बसला होता.

त्या रात्री त्याने डब्याला काळी पट्टी तीनदा गुंडाळली आणि स्वतःच आईपुढे ठेवला. "हळद लाव, माय. पण वरून."

"वरून कायले?"

"पयले तू अंदरून लावली ना. आता वरून."

पुढे आठ वर्षांत धनीराम लांजेवारने अशाच बिनकंपनीच्या, वेड्या माणसांच्या नऊ सिनेमांना डोळे दिले. बस्तरच्या जंगलात गेला, कोकणच्या खाडीत गेला, राजस्थानच्या वाळूतही उलटा चालला. रिळा धुणाऱ्या मुंबईच्या लॅबमध्ये त्याचे डबे नाव न वाचता ओळखत. झाकणावर हळदीचं बोट असे. रोवणीच्या दिवसांत मात्र तो काम घेत नसे. तेव्हा तो मोहटोल्यात असे.

चंद्रकांताचा सिनेमा १९८३ च्या फाल्गुनात गावात दाखवला, शाळेच्या खोलीत, भर दुपारी. खिडक्यांना बारदाने लावली होती आणि यंत्राला वीज चक्कीवरून ओढली होती. पुढे सतरंजीवर बायका बसल्या. आपली बांधी, आपला धुरा, आपलं पाणी भिंतीवर हलू लागलं. अकरा बायका आपापले हात ओळखत होत्या. मग रत्नाबाईचा चेहरा आला, भिंतीएवढा, खालून उजळलेला. बाजूला बसलेल्या खऱ्या रत्नाबाईने पदर तोंडावर घेतला. देवकाबाई डोळे न मिटता पाहत होती. चित्रात ती कुठेच नव्हती. कॅमेऱ्याच्या पाठीमागे होती. पण शेवटची काही रोपं होईपर्यंत तिचा उजवा हात मांडीवर आपोआप हलत होता, दुप्पट.

चेहरा वर आला. भिंत पांढरी झाली. बारदाने निघाली.

देवकाबाईने मागे वळून लेकाला शोधलं. सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी ती म्हणाली, "पाह्यलं का, बापू? कोरी होती ना ते फीत? म्या म्हणलं होतं, हळद लावली का येईन."

चंद्रकांताने चमकून धनीरामकडे पाहिलं. त्या श्रावणातल्या डब्याला उजेड कसा लागला, ते तिला तेव्हा कळलं. ती काही बोलणार, तोच त्याने मान किंचित हलवली.

"हो माय," धनीराम म्हणाला. "हळदीनंच आलं."